हातउसनं आधी

भाऊ, कसे आहात? आईचे गुडघे आता कसे आहेत? तिकडे जिने नसतील असं मी धरून चालते. आत्याचा दमा बसला का? थोरले काका पथ्य पाळतात, की तिथंही सगळ्यांना गुंगारा देऊन जिलबी खातात? आणि तुमचा तो पिठाचा खोकला? गिरणी सुटली म्हणजे तोही सुटला असेल. तुमच्या जावयांची मात्र चौकशी करत नाही. ते येऊन पाच वर्षं झाली, तुमच्या शेजारीच बसत असतील. त्यांना यातलं काही वाचून दाखवू नका.

माझं विचाराल तर प्रकृती बरी आहे, बाकी काही बरं नाही. मी बुडालेय, भाऊ. इथे हॉलंडात, आइंडहोवनला, मी पोळी-भाजीचे डबे करते हे तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही गेल्यावर सुरू केलं. कुणी शिकवलं नाही, चुकत चुकत शिकले. पुण्या-मुंबईची पोरं इथे नोकरीला येतात, त्यांना वरण-भाताची आठवण आली की माझी आठवण यायची. स्वयंपाकघर पुरेना म्हणून मी एक गाळा भाड्याने घेतला, पाच वर्षांचा करार केला, कणीक मळायचं मोठं यंत्र आणलं. मग लोक घरूनच काम करायला लागले, काहींच्या नोकऱ्या गेल्या, बरीच कुटुंबं परत गेली. डबे साठावरून अकरावर आले. भाडं होतं तेवढंच राहिलं. आणि धंदा एकटीच्या नावावर असला की इथला कायदा दुकान वेगळं आणि बाई वेगळी असं मानत नाही. दुकानाचं देणं ते माझं देणं, राहत्या घरातल्या खुर्चीपर्यंत.

पत्रं यायला लागली. कराची निळी पाकिटं, मग वसुलीवाल्यांची पांढरी. मी ती न फोडता बासमतीच्या रिकाम्या पिशवीत टाकत गेले. लेक नायमेखनहून आली होती, पुरणाची चाळण शोधताना तिच्या हाताला ती पिशवी लागली. "आई, व्हॉट इज धिस? तू एकही ओपन नाही केलंस?" मी म्हटलं, "फोडलं की खरं होतं गं." ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. जमिनीवर बसून तिने एकेक पाकीट फोडलं, पाठवणाऱ्यांप्रमाणे गठ्ठे लावले, आणि दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, घेऊन गेली.

तिथल्या बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान. कॉफी दिली, आणि मला मेव्राउ, म्हणजे बाईसाहेब, अशी हाक मारून आधी एवढंच म्हणाल्या, "आलात हे चांगलं केलंत." मग सगळं समजावून सांगितलं. आधी सगळ्या घेणेकऱ्यांना एकदम विचारायचं: दीड वर्ष हिला झेपेल तेवढं ही देईल, उरलेलं तुम्ही सोडून द्या. कुणी अडून बसला तर कोर्टाकडे जायचं, कोर्ट तसंच दीड वर्ष बांधून देतं. तोवर मिळकत त्यांनी नेमलेल्या माणसाच्या हातात, मला आठवड्याचा घरखर्च मिळणार. मी विचारलं, "सरळ दिवाळं जाहीर केलं तर नाही का सुटत?" बाईंनी मान हलवली. त्यात होतं नव्हतं ते विकतात, आणि फिटलं नाही ते देणं मानगुटीवर तसंच राहतं. मी आजवर उलटच समजत होते. "आणि मेव्राउ," त्या म्हणाल्या, "आजपासून कुणालाही परस्पर एक युरो द्यायचा नाही. सगळ्यांना एकाच मापाने. लपवाछपवी निघाली तर अर्ज बाद होतो." मी हो हो म्हटलं.

त्याच शनिवारी मी कणकीचं यंत्र विकलं, नोटा ओच्यात बांधल्या आणि सायकल हाणत आमच्या मराठी मंडळातल्या एका मुलीकडे गेले. गेल्या वर्षी भाडं तुंबलं तेव्हा तिने मला अडीच हजार दिले होते, कागद नाही, काही नाही. ती म्हणाली, "अहो काकू, एवढी काय घाई होती? आणि ओच्यातून काय काढताय, बँक बुडाली की काय?" दोघी हसलो. मग दार लोटून हळूच म्हणाली, "ह्यांना माहीत नाहीये हं. माझे माहेरचे होते. कुठे बोलू नका." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

तुम्हाला गिरणीचा पट्टा तुटला होता ते आठवतं? शेजारच्या शाळेच्या बाईंनी चाळीस रुपये दिले होते. ते परत करायला तुम्ही मला पाठवता, मी अकरा वर्षांची. वाटेत वाणी हाक मारतो, "तुझ्या बापाला म्हणावं, उधारी किती दिवस?" मला लाज वाटते आणि मी त्यालाच पैसे देऊन येते. तुम्ही पीठभरल्या भुवयांखालून नुसते बघता. "वाणी ओरडून मोकळा होतो," तुम्ही म्हणता. "बाई ओरडणार नाहीत. जो ओरडणार नाही त्याचं आधी." आणि वाण्याकडून पैसे परत मागून आणायला मलाच पाठवता. वाण्याच्या दुकानापर्यंतची ती चाळीस पावलं मी अजून चालतेय.

आज मंगळवार. नगरपालिकेच्या बाकावर बसून लिहितेय. विकलेल्या वस्तूंची आणि घेणेकऱ्यांची यादी आज द्यायची आहे. यंत्राचे पैसे कुठे गेले हे सांगितलं तर अर्ज अडकेल, त्या मुलीकडे विचारणा जाईल, पत्र तिच्या नवऱ्याच्या हातात पडेल. नाही सांगितलं तर ते खोटं माझ्या सहीखाली बसेल, आणि उघडं पडलं की घरही जाईल. लेक शेजारी बसलीय. म्हणते, "आई, जस्ट टेल देम." काल त्या मुलीला दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा तिने उचलला. सगळं ऐकलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही शब्द दिला होतात." मग ठेवला.

यादीत तिचं नाव मी मघाशी लिहिलं. शाईने. हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून एक कबूल करते. पैसे परत केले ते तुमच्या शिकवणीने, असं लेकीला सांगितलं. खरं तसं नाही. या देशात एक तरी दार असं उरावं, जिथे मान खाली न घालता घंटी वाजवता येईल, एवढाच माझा स्वार्थ होता. आता तेही दार गेलं. तुम्ही असतात तर रागावला असतात की यादी बघून गप्प बसला असतात, मला खरंच कळत नाही. भाऊ, दोन ओळी लिहा, पण लवकर लिहा. त्या बाई दार उघडून माझं नाव घेतायत.