मागचे खर्च पुसले आहेत

अहो,

मी सकाळच्या पाळीला निघाले. खर्चाच्या नव्या ॲपमध्ये शिल्लक उणे का दिसते, असं काल विचारलंत, म्हणून बघितलं. बँक जोडल्यावर मागच्या तीन महिन्यांचे खर्चही त्यात आले आणि तुम्ही हौसेनं एकेक करून ॲपमधल्या भाडं, किराणा अशा पाकिटांत टाकलेत. ते शिल्लकीतून आधीच गेलेले आहेत, म्हणून सगळं दोनदा वजा झालं. मी ते पुसले. सुरुवात आजच्या शिल्लकीपासून करायची.

पुसताना वाचलं गेलंच. कामाच्या दिवशी रोज ग्रंथालयासमोरच्या टपरीवर दोन चहा, एक सकाळी, एक दुपारी. तुमचं ऑफिस तर गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोन महिने तुमचा पगारही जमा नाही. मला सांगायला काय धाड भरली होती, ते समोर बसून विचारीन.

पाकिटांत हातात आहेत तेवढेच पैसे वाटायचे असतात, म्हणून तुमचा पगार धरलेला नाही. माझ्या पगारात भाडं, वीज, किराणा बसतंय. सहलीचं पाकीट तेवढं रिकामं ठेवलंय.

आज डबा भरलेला नाही. भाजी कढईत आहे. मी दोनला येते, मग दोघं जेवू. इस्त्रीचा शर्ट घालू नका.