काढायची राहिलेली चावी

शनवारा, बऱ्हाणपूर
२० जुलै २०२५

तृप्तीताईस निरंजनचा नमस्कार.

आम्ही सगळे ठीक. मावशीचे गुडघे कसे आहेत? बहादरपूरहून केळी आली होती, त्यातली डझनभर तुझ्यासाठी ठेवली; काळी पडली. पाच मिनिटांवर तुझं घर, पण पाय उचलेना.

तुमच्या शाळेच्या आरोग्य तपासणीचं सॉफ्टवेअर मी केलं, हे तुला माहीतच आहे. गावभर मिरवलं होतं ना मी! प्रत्येक शिक्षकाची एकच एक्सएमएल फाइल, पण आत खण वेगळे. नाव, रक्तगट, ‘कामास योग्य’ एवढं शाळेला दिसतं. आजाराचा खण कुलूपबंद, तो फक्त श्रीकांत डॉक्टरांच्या चावीने उघडतो. ते कुलूप पक्कं आहे, ताई. कुणी फोडलेलं नाही.

फक्त, चालतं का बघायला मी प्रत्येक खणाला माझीही एक चावी लावली होती. काम संपलं की ती काढायची असते. मी काढली नाही. मार्चमध्ये एका सरांची फाइल अडली म्हणून बघत होतो, खाली तुझं नाव दिसलं. तुझी फाइल अडलेली नव्हती. तरी उघडली.

मिरगी. नऊ वर्षांपासून गोळ्या. मावशी आणि डॉक्टर सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

जेवताना अलकाला, तुझ्या भावजयीला, बोलून गेलो, “शाळेत ताईला जरा सांभाळून घे गं.” तिनेही काळजीपोटीच मोठ्या बाईंना सांगितलं. तिचा दोष नाही. आठ दिवसांत तुझी प्रयोगशाळा काढून घेतली आणि तुला ऑफिसात रजिस्टरं लिहायला बसवलं.

तू डॉक्टरांशी भांडायला गेलीस तेव्हा मी सोबत होतो. “तुमच्याशिवाय कुणाला माहीत होतं?” तू विचारलंस. ते म्हणाले, “माझ्याकडून नाही गेलं, बेटा.” आणि मी मेला निर्लज्ज, वर तोंड करून म्हणालो, “डॉक्टरसाहेब, तुमच्याकडून ही उम्मीद नव्हती.” जीभ कशी झडली नाही माझी!

तेव्हापासून तू त्यांची पायरी चढली नाहीस. काल मावशी रडत सांगत होती, तू गोळ्याच बंद केल्यास, मंगळवारी ओट्यापाशी पडलीस, गॅस चालू होता. ते ऐकलं नसतं तर मी अजूनही गप्पच बसलो असतो. एवढा भित्रा आहे तुझा भाऊ.

माझी चावी सगळ्या फाइलींतून काढली. शाळेला लेखी कळवलं. आज सकाळी डॉक्टरांसमोर उभा राहून सगळं कबूल केलं. वाटलं, कानाखाली देतील. पण विचारलं एवढंच, “तिच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?”

त्यांनी लगेच गोळ्यांची चिठ्ठी लिहिली, पाकिटात घालून माझ्यादेखत चिकटवली. अलकाच्या हाती पाठवतोय. तुझ्या दारात उभं राहायचं तोंड मला नाही.

पाकीट मी उघडलेलं नाही. पटत नसेल तर राहू दे. गोळ्या तेवढ्या आजच सुरू कर.

तुझा अपराधी,
निरंजन