मटेरियल की मेडिकल

९ जुलै, आमगाव
इंजिनीअरिंगच्या ब्रँचची पसंती-यादी १७ पर्यंत भरायची. मन मटेरियल्स सायन्सवर. बाबांनी वेल्डिंग केलेला ट्रॉलीचा हूक पुन्हा तिथंच का तुटतो, हे लहानपणापासून डोक्यात. जेवताना नाव काढलं तर आई म्हणे, "मटेरियल? रेती-गिट्टीचं दुकान टाकतेस काय?" सगळे हसले, मीही. मग दुसरं नाव सांगितलं, बायोमेडिकल इंजिनीअरिंग. बाबांचा घास हातातच. "मेडिकल?"
"हो, तसंच."
तसंच! दवाखान्यातल्या मशिनी बनवायच्या, माणसं नाही तपासायची. एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं मला?

११ जुलै
गल्लीभर झालं, पोरगी मेडिकलले चालली. किराणावाल्यानं आज बाबांना बसायला खुर्ची दिली. एरवी बाबा उभ्यानंच सामान घेतात. मला बरं वाटलं. लाज त्याचीच वाटते.

१२ जुलै
शेजारच्या शांताकाकू पायाच्या बोटाची जखम दाखवायला आल्या. त्यांना शुगर आहे. वाकून पाहिलं, मान हलवली, म्हटलं स्वच्छ ठेवा. कोण मी?

१५ जुलै
काकूंना गोंदियाला भरती केलं. बोट काळं पडलंय. त्यांच्या मुलानं विचारलं, दवाखान्यात काऊन नाही गेली? तर म्हणाल्या, "आपल्या पोरीनं पाह्यलं ना."
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१६ जुलै
बाबांच्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊन सगळं सांगितलं. काकूंचंही. ही डॉक्टरकी नाही, हेही. त्यांनी काळा चष्मा वर केला.
"मालूम हाय मले. मोबाइलवर पाह्यलं होतं."
"मंग लोकायले काऊन सांगून राहिले?"
चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढत म्हणाले, "चांगलं वाटे."
राग यायला हवा होता. नाही आला. कोणत्या तोंडानं येणार?

१७ जुलै
सकाळी यादीत मटेरियल्स वर टाकलं. मग खाली. बायोमेडिकलमध्ये वाईट काही नाही. पण ते मला हवंय की त्या खुर्चीला...
गोंदियाला जायला काकूंचा डबा घेऊन बाबांसोबत स्टेशनवर गेले. किराणावाला भेटला. "काय डॉक्टरीणबाई, कधी निघून राहिल्या?"
मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे. दोघंही दुसऱ्यानं बोलावं म्हणून थांबलो, तेवढ्यात गाडी आली.
गाडीतच लिहितेय. यादीची मुदत पाचपर्यंत. बाबा खिडकीबाहेर बघतायत. काकूंना आधी काय सांगायचं, मी डॉक्टर होणार नाही की माझं चुकलं, तेही ठरलेलं नाही.