पळसाच्या पानांचा शालिकराम

॥ श्री ॥

लिहून ठेवणार शालिकराम वल्द जयराम खासबागे, जात माळी, वय अदमासे पन्नास, धंदा बागवानी, राहणार वरूड, तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती. माझी छाती खराब झाली आहे, डोके नाही. कोणाच्या धाकाने किंवा भिडेने लिहीत नाही. भिडेने वागायचे दिवस गेले. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. मृत्यू मात्र एकदा झालेला आहे, त्याचा खुलासा पुढे येईल.

१. माझ्या हिश्श्याची संत्र्याची बाग, विहिरीचा निम्मा हिस्सा व राहते घर पत्नी पार्बताबाई हिला पूर्ण मालकीने देतो. विकावे, ठेवावे, दान करावे, तिची मर्जी. आम्हांला मूलबाळ नाही. माझे वडीलबंधू खुशालराव व त्यांची मुले यांचा यात काडीचा संबंध नाही. का नाही ते लिहितो, म्हणजे उद्या कोर्टात कोणी भोळेपणाचे सोंग आणू नये.

अकोल्याच्या कापसाच्या प्रेसमधले डच साहेब लढाईच्या आधी मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या बंगल्यावरचा माळी म्हणून तिकडच्या बागेसाठी मला बरोबर नेले. दोन वर्षांत येतो, असे पार्बताला सांगून गेलो. तिकडे साहेब वारले आणि हॉलंडवर जर्मन फौज चढली. मी इंग्रजांची प्रजा, म्हणून जर्मनांचा शत्रू. सापडलो असतो तर कैद. साहेबांच्या विधवा बहिणीने, मार्याबाईने, मला फुलांचे कांदे वाळवायच्या माडीवर लपवले. शिपाई झडतीला आले की टोपल्यांमागे तोंडात फडके कोंबून खोकला दाबायचा. छाती तिथलीच आहे. पत्र टाकले असते तर त्या बाईच्या गळ्याला फास लागला असता, म्हणून टाकले नाही.

शेवटच्या हिवाळ्यात अन्नच संपले. माणसे रस्त्यात पडून मेली. मार्याबाईने ट्यूलिपचे कांदे सोलले, मधला पिवळा कोंब काढला, उकडून माझ्यापुढे ठेवले. बेण्याचे कांदे! मी माळ्याच्या पोटचा, उपाशी मरेन पण बेणे खाणार नाही. ताट सरकवले. तिने परत ढकलले. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "फुलं पाहायला माणूस नको का?" आणि आधी स्वतः खाल्ला. तिच्या नवऱ्याने राखलेले बेणे होते ते. मी रडत रडत खाल्ले.

२. परक्या बाईने मला बेणे खाऊ घातले, तेव्हा सख्खा भाऊ काय करत होता? हरवलेल्या माणसाची बारा वर्षे वाट पाहायची आपली रीत. खुशालरावांना तीन वर्षेही धीर धरवला नाही. पळसाच्या पानांचा पुतळा करून माझ्या नावाने नदीवर जाळला, तेरवी उरकली, पटवाऱ्याकडे माझे नाव कमी करवले. पार्बता हात मागे ओढत होती. दोघी बायकांनी धरून तिच्या बांगड्या फोडल्या. वर तिचा पाट लावून द्यायची खटपट, म्हणजे बागेवरचा तिचा हक्क कायमचा संपला. ती तिवशाला माहेरी गेली, वांगी-मेथी विकून राहिली, पण दुसऱ्याचे कुंकू लावले नाही.

लढाई संपल्यावर मी आलो. दारात उभा राहिलो. खुशालराव म्हणाले, "तुये तं दिवस झाले. आता काहून आला?" पाण्याचेही विचारले नाही.

पंचांनी तोड सांगितली: घरच्या वडील माणसाने माझे पुन्हा बारसे करावे, आमचे पुन्हा लग्न लावावे, की मी जिवंत. भाऊ नाही म्हणाले. बारसे केले तर बाग सोडावी लागते ना! बाग मी कोर्टातून घेतली. बारसे कोर्ट करत नाही. शेवटी पार्बता एकटी बाजारात गेली, कासारापुढे बसली आणि हिरव्या बांगड्या भरून आली. बायका अजून तिला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. जळो त्यांचे हळदीकुंकू!

३. मार्याबाईने दिलेली कलमाची सुरी आमच्या जातभाई नत्थुजींना. मी परतलो त्या दिवशी गावच्या पंगतीत त्यांनीच मला शेजारी बसवले.

४. बांधावरचा पळस खुशालरावांना. पुन्हा कोणाला जाळायचे झाल्यास पाने शोधत फिरायला नको.

५. अग्नी पार्बता देईल. खुशालरावांनी किंवा त्यांच्या मुलांनी बागेच्या आशेने मडके धरून पुढे होऊ नये. त्यांनी मला एकदा जाळले आहे, तेवढे पुरे.

६. माझ्यामागे पार्बताच्या बांगड्या कोणी फोडू नयेत. माझ्या मरणापायी फुटायच्या त्या फुटून झाल्या आहेत.

हे सर्व पार्बताला वाचून दाखवले. काही घालायचे आहे का, विचारले. ती म्हणाली, "येवढं लिवा, एखादी आपसूक फुटली तं मी दुसरी भरीन."

तसे लिहिले आहे.

सही: शालिकराम जयराम खासबागे
साक्षीदार: जानराव तुकाराम बेलसरे, वरूड
साक्षीदार: भगवंत सीताराम ढोरे, तिवसा
मुक्काम वरूड, तारीख ९ फेब्रुवारी १९४९