सुनीच्या रक्ताची पंचायत

३ नोव्हें., सोम.
सुनीचा दुसरा नमुना आज यवतमाळच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मशीनवर लावला. धाकटी बहीण असली तरी इथं नंबरच. फ्लूच्या तापात घेतलेल्या पहिल्या नमुन्यात जुन्या विषाणूंचे तुकडे चांगलेच जागे झालते. कोट्यवधी वर्षांमागं, माणूस व्हायच्या आधीच, डीएनएत घुसून बसलेले, एरवी गप. आता बरेच शमले, पण पुरते नाही. सर म्हणाले, "तापात होतं असं. हा आजार नाही. अर्थ लागायचाय अजून." सुनी तर ठणठणीत आहे.

८ नोव्हें., शनि.
फुलसावंगीची बस, मग आमचा बंजारा तांडा. आमच्या मायनं, याडीनं, विचारलं, सुनीच्या रक्तात काय निघालं. घरी सांगायचं नसते, तरी मी सांगून बसली. गोरबोलीत कसं समजवावं? म्हटलं, वाडवडलांपासून रक्तात झोपलेला आजार असते, तापानं जागा झाला. सगळ्यांच्यात असते, हेही म्हटलं. ते तिनं ऐकलं का नाही, देव जाणे.

११ नोव्हें., मंगळ.
याडीनं शेजारणीले सांगितलं. तिथून दिग्रसच्या पाहुण्यांपर्यंत पोचलं. सुनीच्या सगाईचा गूळ वाटून महिना नाही झाला. ते म्हणतात, पोरीच्या रक्तात पिढीजात रोग आहे, लपवला काहून?
"आजार" शब्द माझा. चूक माझी. रडू यायले पाहिजे होतं, नाही आलं. दिवसभर नळ्या लावल्या.

१६ नोव्हें., रवि.
तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर बैठक. दिग्रसचे सहा जण आलते. नायकानं ढाड्याले बोलावलं, आमच्या पिढ्या त्याले तोंडपाठ. म्हणे, रोग कोन्त्या पिढीत शिरला ते काढ. बिचाऱ्यानं तासभर नावं म्हटली, चहा पिला, परत म्हटली. शेवटी हात जोडले, "नायक, नाही सापडून राह्यला."
मी नवरदेवाच्या बापाले म्हटलं, "काका, गोत नव्हतं, तांडा नव्हता, माणूसच नव्हता तव्हाचं आहे हे. तुमच्यातही आहे."
तो उसळला. "आमच्यात कायले राहीन?"
ठरलं असं: मी कॉलेजच्या कागदावर लिहून द्यायचं, सुनीच्या रक्तात असं काही नाही. आठ दिवसांत. नाही तर सगाई मोडली.

१९ नोव्हें., बुध.
कागद घेऊन बसली. एक ओळ खोटी लिहायची. नोकरी जाईल ते जाऊ दे. पण आज "नाही" लिहिलं तर उद्या तांड्यातल्या प्रत्येक पोरीले असाच कागद मागतीन.
फाडला. परत नवा घेतला. त्यावर तारीख फक्त.
सरांना सांगितलं. म्हणाले, "घरी सांगायलाच नको होतं." बरोबर आहे.

२२ नोव्हें., शनि.
नवरदेव, अनिल, एकटाच आला यवतमाळले. बाही वर करून बसला. "ताई, माह्यंही रक्त घ्या. निघालं म्हणजे बाबा गप बसतीन."
"तुझ्यात आहेच. घ्यायची गरज नाही."
"मंग तसं लिहून द्या."
"रक्त न घेताच?"
"न घेताच. दोघांचं नाव टाका."
सरांनी लिहून सही केली: हे प्रत्येक माणसात असतं, अनिलमध्ये आणि सुनीतामध्येही, हा रोग नाही. अनिलनं कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला. गुणी पोरगा. किती दिवसांनी बरं वाटलं मले.

२३ नोव्हें., रवि.
सकाळीच सुनीले फोन केला. कागदाचं सगळं सांगितलं. ती हूं हूं करत होती.
मग म्हणाली, "बाई, माह्यं रक्त पाह्यलं तू. नायकानं पिढ्या पाह्यल्या. तो पोरगा मले पाहिजे का नाही, हे कोणी विचारलं?"
नाही विचारलं. मीही नाही.
विचारलं मग.
"आता विचारतेस?" म्हणाली. "थांब. मले ठरवू दे."
अनिल अकराच्या बसनं कागद घेऊन, नायकाले दाखवायले, तांड्यात जाणार आहे.