इल्साचा नकार

४ जून, सकाळी
पुनमचं काम हाती घेतलं. पुनम माझी भाची, पुण्यात व्हिडिओ गेमच्या कंपनीत आहे. एका गेममधली सगळी वाक्यं मराठीत करायची. मी लातूरच्या कॉलेजात वीस वर्षं मराठी शिकवतो, म्हणून मला विचारलं. गेम हा प्रकारच किळसवाणा, पण भाषेसाठी करायचं. संकल्प: रोज पन्नास वाक्यं. चहा बंद.

५ जून
वाक्यं दोन. चहा चार.
नायकासोबत इल्सा नावाची तिरंदाज बाई देशोदेशी हिंडते. तो तिला वस्तू देतो, संकटातून सोडवतो. नायक मला पटला.

७ जून
शी! नायकाने मागणी घातली आणि इल्साने सरळ नाही म्हटलं. बेचाळीस भेटवस्तू घेऊन! कारण काय, तर तिला कुठं जायचंय हे त्याने कधी विचारलं नाही. आपल्याकडे असं तोंडावर बोलत नाहीत. पत्रिका जुळत नाही, असं कळवतात. कुणाला लागत नाही. मला आजवर अकरा ठिकाणांहून तसं आलं. एकालाही माझ्यात खोट दिसली नव्हती.
इल्साच्या तोंडी तेच घातलं.

८ जून
पुनमचा फोन. म्हणाली, मामा, इल्साकडे पत्रिका कुठून आली? नकार तिचा स्वतःचा वाटला पाहिजे, आणि पडद्यावर एका ओळीत बसला पाहिजे. मुदत वीस तारीख.
आजकालच्या मुली.

१० जून
सिंधु मॅडम, आमच्या ग्रंथपाल. वय एकोणचाळीस, अविवाहित, रजिस्टर अत्यंत स्वच्छ. देवणीला गेलो होतो तेव्हा त्यांच्यासाठी पेढे आणले. त्यांनी सगळे नरसिंग शिपायाला दिले. उदार स्वभाव.
संकल्प: महिनाअखेरपर्यंत विचारायचं.

१२ जून
नरसिंगने सांगितलं, सिंधु मॅडमची बदली झाली, संस्थेच्या नांदेडच्या कॉलेजात. बिचाऱ्या! तडक प्राचार्य मल्लिकार्जुन सरांकडे गेलो. त्या गेल्या तर ग्रंथालय कोलमडेल, असं पटवून दिलं. त्यांनी बदली थांबवली. मॅडमना बोललो नाही. उपकाराचा गाजावाजा ओंगळ दिसतो.
यात माझा स्वार्थ आहे का, असं स्वतःला विचारलं. दहा मिनिटं प्रामाणिकपणे विचार केला. नाही.

१४ जून
इल्साच्या नकाराची सात वाक्यं केली. सातही मेलेली. अशी बाई जगात नसतेच, मग वाक्य कुठून सुचणार?

१६ जून, दुपारी १
महिनाअखेरपर्यंत धीर निघाला नाही. बदली मी थांबवली हे मॅडमना सांगितलं आणि लगेच म्हटलं, जन्मभर सोबत राहाल का?
त्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. शिक्का खाली ठेवला. म्हणाल्या, सर, माझी आई नांदेडला एकटी हाय. तिला आता दिसत न्हाई. दोन वर्षं झालं, मी या बदलीसाठी खेटे घालून राहिले. अन् तुम्ही सोबत राहा म्हणता. मला कुठं जायचंय ते एकदा तरी विचारलं का?
नरसिंग दारातच होता. बाहेर आल्यावर म्हणाला, सर, पेढे मात्र लई गोड व्हते.

दुपारी ४
किळस येते आहे. नेमकी कुणाची, हे तपासलं. आधी नरसिंगची. मग मॅडमच्या आवाजाची. मग थोडी माझी. पण ती पित्तामुळे असावी.

१८ जून
प्राचार्यांना म्हटलं, सर, ती बदली होऊ द्या. ते म्हणाले, नांदेडची जागा कालच भरली. आता पुढच्या जूनमध्ये बघू. तुमचाच मुद्दा बिनतोड होता ना, सर!
मॅडमना हे सांगायला ग्रंथालयात गेलो. त्या पाठमोऱ्या होत्या, कपाटात पुस्तकं लावत होत्या. दारातून परत आलो. कामात व्यत्यय नको.

२० जून
मुदत संपायच्या आत इल्साचं वाक्य पाठवलं: 'सोबत राहा म्हणतोस, मला कुठं जायचंय ते एकदा तरी विचारलंस का?' मी फक्त 'तुम्ही'चं 'तू' केलं.
पुनमचा लगेच फोन. म्हणाली, मामा, काय जिवंत वाक्य आहे! बाई समोर उभी राहून बोलल्यासारखं वाटतं. सुचलं कसं?
चिंतनातून, म्हटलं.