दरीच्या चित्रातलं आमचं घर

तीर्थरूप आईच्या पायांशी लेकीचा नमस्कार.

देवाच्या कृपेने आम्ही बरे आहोत. ह्यांना थोडा खोकला आहे, पण काळजीचं काही नाही. तुझे गुडघे कसे आहेत? बाबा औषध वेळेवर घेतात ना?

तुला मागे लिहिलंच होतं, ही सगळी दरी सरकारने राखून ठेवली आहे. इथे झाड तोडायचं नाही, नवं घर बांधायचं नाही, लोकांनी वरच्या कठड्यापाशी उभं राहून नुसतं पाहायचं. राखणदार हेच. गेल्या आठवड्यात साहेब ह्यांना म्हणाले, "तुमच्या अंगणातले कपडे वरून दिसतात, दोरी काढा." ह्यांनी रीतसर नोटीस लिहून मलाच आणून दिली आणि वर सही मागितली. मी म्हटलं, "बसा राखणदारसाहेब, चहा घेऊन जा." दोघंही हसलो, पण दोरी काढावीच लागली. गुंडाळून ठेवली आहे, चांगली आहे अजून. आता कपडे स्वयंपाकघरात वाळत घालते. खरं तर ते वाळतच नाहीत, हे तसेच दमट अंगात घालून जातात.

परवा पहिल्यांदाच वर कठड्यापाशी जाऊन दरी पाहिली. हात आपोआप जोडले गेले, आई. साहेबांचं काही चुकलं नव्हतं. उतरताना मात्र दोनदा बसावं लागलं. हल्ली लवकर थकते.

तू दर पत्रात विचारतेस, नक्की राहतेस तरी कुठे. म्हणून दरीचं छापील चित्र सोबत पाठवते आहे. त्यात आमचं घर येऊ दिलेलं नाही. नदीच्या वळणावर, झाडीत मी शाईचा ठिपका दिला आहे. चष्मा लावून बघ, तिथे मी आहे.

तुझी,
थोरली